बिघडलेला लेयर कट: तसाच वाढवायचा, थोडा थोडा कापत न्यायचा की एकदाच सरळ करून टाकायचा?

लेयर कट बिघडला की सगळ्यांचा सल्ला एकच, "अगं वाढतील केस, थांब थोडी". केस वाढतील हे खरंच, पण नुसतं वाढून लेयर जात नाहीत, आणि हे कोणी नीट सांगतच नाही म्हणून आधी तेच सांगते. डोक्यावरचे सगळे केस साधारण एकाच वेगाने वाढतात, महिन्याला सव्वा सेंटिमीटरच्या आसपास, म्हणजे वर्षाला जेमतेम १५ सेंटिमीटर. वरची आखूड बट जेवढी वाढते तेवढीच खालची लांब बटही वाढते, त्यामुळे दोघींमधलं अंतर होतं तेवढंच राहतं, अख्खी पायरी फक्त खाली सरकते. अंतर कमी करायचं तर खालून कापावंच लागतं. ते आज कापायचं, हळूहळू कापायचं की दोन वर्षांनी कापायचं, निर्णय एवढाच आहे.

म्हणून काही ठरवायच्या आधी मोजा. केस ओले करून, गुंता काढून, सरळ खाली सोडा आणि घरात कोणाला तरी मागे उभं करा. शिवणकामाची टेप घ्या, सगळ्यात आखूड लेयर जिथे संपतो तिथून सगळ्यात खालच्या टोकापर्यंत किती अंतर आहे ते बघा. कपाळावरच्या किंवा गालाजवळच्या आखूड बटा यात धरू नका, त्या पिनेने मागे जातात, खरा त्रास डोक्याच्या वरच्या भागातून आणि मागून निघणाऱ्या लेयरचा असतो. केस कुरळे असतील तर हलकेच ताणून मोजा नाहीतर आकडा चुकतो. अंतर ६-७ सेंटिमीटर असेल तर खरं सांगू का, काहीच करू नका, पुढच्या दोन ट्रिममध्ये ते आपोआप निघून जाईल. प्रश्न येतो तो १५-२० सेंटिमीटरच्या वर अंतर असलं की.

आता हा हिशोब बघा, कारण माझ्या मते सगळा निर्णय यातच आहे. समजा आखूड लेयर हनुवटीशी संपतोय आणि खालचं टोक त्याच्या २० सेंटिमीटर खाली आहे. एकीने आजच हनुवटीला सरळ कापून टाकले, बॉब केला. दुसरीने खालची रेघ आहे तिथेच धरून ठेवली, म्हणजे दर तीन महिन्यांनी जेवढं वाढलं तेवढं, साधारण पावणेचार सेंटिमीटर, खालून कापत राहिली. तिसरीने काहीच कापलं नाही. १६ महिन्यांनी पहिलीचे केस २० सेंटिमीटर वाढून सगळे एका रेघेत, दुसरीचे आखूड लेयर खालच्या रेघेला येऊन मिळाले, तेही एका रेघेत आणि अगदी त्याच लांबीला. तिसरीचे दिसायला लांब पण पायरी तश्शीच, आणि तिने त्या दिवशी सरळ करायचं ठरवलं तर तिला २० सेंटिमीटर कापूनच टाकावे लागतील, मग तीही त्याच लांबीवर येणार. सरळ केस किती लांब मिळणार हे सगळ्यात आखूड लेयर ठरवतो, तुम्ही नाही आणि पार्लरवालीही नाही. तिघी पोचतात एकाच जागी, फरक फक्त मधले दिवस कसे काढायचे याचा. म्हणून "लांबी वाचवायची आहे" या एका कारणासाठी शेपटी, म्हणजे खालचे लांब केस, धरून बसू नका. ती धरायची तर दुसऱ्या कारणांसाठी धरा, आणि तशी कारणं आहेत.

पहिलं कारण म्हणजे बांधणं. गोव्यात राहून केस बांधता न येणं काय असतं ते एप्रिल-मे महिन्यात कळतं, मानेवर घाम, त्यात केस चिकटलेले, वर स्कूटर आणि हेल्मेट. हनुवटीपर्यंतचा बॉब असला तर मान तरी मोकळी राहते, पण त्यानंतर हनुवटी ते खांदा हा जो टप्पा येतो तो खरा जीव खातो, बांधायला पुरत नाहीत, सोडले तर खांद्यावर आपटून बाहेर वळतात, क्लचरमध्ये अर्धे राहतात अर्धे सुटतात. शेपटी ठेवलेल्यांना निदान पाठीमागे काहीतरी गुंडाळता येतं. पण त्यांचाही प्रश्न आहेच, आखूड लेयर रबरपर्यंत पोचत नाही, त्यामुळे पोनी घातला की पाच मिनिटांत कानामागून आणि मानेजवळून बटा खाली. साधी वेणी घातली तर प्रत्येक पेडातून टोकं बाहेर, खजूरवेणी तर घालूच नका, ती लेयरवर टिकतच नाही. सागरवेणी मात्र चालते, कारण ती वरून थोडे थोडे केस उचलत खाली येते, आखूड बट तिच्या जागेवरच पेडात अडकते आणि पुढच्या पेडाने दाबली जाते. रोज सकाळी सागरवेणी घालायला हाताला सवय लागते, पहिले काही दिवस हात भरून येतात, पण एकदा जमली की ऑफिस, बस, फेरीबोट सगळीकडे संध्याकाळपर्यंत टिकते. रायबंदर-चोडण फेरीत कठड्याला उभं राहिलं की बाकी काही टिकत नाही.

दुसरी गोष्ट पाऊस, पण ती उलट बॉबच्या बाजूची. जून ते सप्टेंबर आपल्याकडे जवळजवळ ३००० मिलिमीटर पाऊस पडतो, हवेतला ओलावा सतत ८० टक्क्यांच्या वर, न्हालेले केस संध्याकाळपर्यंत सुकत नाहीत आणि ओलेच बांधले की वास येतो, कोंडाही वाढू शकतो. इथे बॉब सरळ सरळ जिंकतो, अर्ध्या तासात पंख्याखाली सुकतो. शिवाय केसातला नैसर्गिक वळसा ओलाव्याने वर येतो. स्ट्रेटनरने केसातले हायड्रोजन बंध सुटून नव्याने जुळतात म्हणून केस सरळ दिसतात, पण तेच बंध हवेतल्या पाण्याने पुन्हा सुटतात, म्हणून सकाळी इस्त्री करून निघालात तरी पणजीला पोचेपर्यंत आखूड लेयर पिंजारून वर उभा. पायरी लपवायला रोज इस्त्री हा उपाय मुंबई-पुण्यात हिवाळ्यात चालत असेल, इथे नाही, आणि उष्णतेने टोकांना फाटे फुटतात ते वेगळंच.

पण दाट केसवाल्यांनी बॉबच्या नादी लागायच्या आधी दहादा विचार करा हे मी अगदी कळकळीने सांगतेय. दाट आणि लाटांचे केस हनुवटीला एका रेघेत कापले की आपल्या हवेत ते खाली रुंद आणि वर चपटे होतात, चक्क त्रिकोण, आणि तो दाबायला मग परत लेयर घालावे लागतात, म्हणजे जिथून निघालो तिथेच. अशा केसांना पायरी तशीही कमी दिसते, लाटांमध्ये मिसळून जाते. त्यांनी हळूहळू खालून कापत जाणं बरं, आणि आखूड लेयर खांद्याच्या खाली गेला की तिथे थांबलं तरी चालतं, खालच्या बाजूचे लांब लेयर दाट केसांना वजन कमी करायला उपयोगीच असतात. याच्या उलट पातळ, सरळ केस. त्यांच्यात पायरी अगदी रेघ ओढल्यासारखी दिसते आणि खाली राहते ती चार केसांची शेपटी, ती सांभाळून काही मिळत नाही. पातळ केस एका रेघेत कापले की टोकाला दाट दिसतात, त्यामुळे त्यांच्यासाठी माझं मत स्पष्ट आहे, कापा.

माझे मधल्या जातीचे, ना फार दाट ना पातळ. एका पार्लरमध्ये "थोडे लेयर" म्हणून बसले आणि उठले तेव्हा वरच्या बटा हनुवटीला आणि खालचे केस पाठीवर. मी मधला रस्ता घेतला आणि विचारणाऱ्या बहुतेक जणींना तोच सांगते: अंतराच्या निम्मं आजच कापायचं आणि उरलेलं निम्मं रेघ धरून संपवायचं. वरच्याच हिशोबात, २० पैकी १० सेंटिमीटर आज गेले, खालची रेघ साधारण खांद्याच्या आसपास आली, म्हणजे छोटा का होईना अंबाडा किंवा पोनी होतोच, शेपटी गेल्यामुळे केस लगेच नीटनेटके दिसायला लागतात, आणि पुढच्या ८ महिन्यांत आखूड लेयर खाली येऊन मिळतो. १६ महिने पायरी बघत बसण्यापेक्षा ८ महिने बरे.

घरात लग्न असेल तर मात्र गणित वेगळं. अंबाडा घालायचा, त्यावर अबोलीची फाती, म्हणजे गजरा, माळायची, तर फातीला धरायला मागे केस लागतात, बॉबवर ती पिनांनी टोचून लावली तर नाचताना कानाशी लोंबते. वर्षभरात स्वतःचं किंवा घरातलं लग्न असेल तर शेपटी ठेवा, लग्न उरकून कापा, मघाशी बघितलंच की उशिरा कापल्याने सरळ केसांच्या लांबीचं काहीच नुकसान होत नाही. एक दिवसापुरतं गंगावन लावलं तर तेही छान बसतं, आखूड लेयर त्याच्याभोवती पिनेने दाबता येतात. क्लिपची एक्स्टेंशन मात्र रोज लावू नका, वजनाने मुळं ओढली जातात आणि सतत ओढ बसली की तिथले केस विरळ होतात. चवथीला काय होतं ते वेगळं सांगायला नको, दिवसभर चुलीपाशी, करंज्या तळताना समोरची बट तोंडावर आलेली कोणालाच नको असते, त्यासाठी रुंद हेअरबँड आणि दोन काळ्या पिना फुलीसारख्या एकमेकींवर लावल्या की काम भागतं. एकच पिन घसरते, दोन फुली मारून लावल्या की हलत नाहीत. पिनेची वळणं असलेली बाजू डोक्याकडे ठेवायची, बऱ्याच जणी उलटी लावतात.

आणि सासूबाई किंवा आजी "अगो, केस कुठे गेले गो तुझे" म्हणणार, हे बॉब करणारीने गृहीत धरावं, त्याचं मनावर घेऊ नये.

बॉबच करायचा असेल तर महिना निवडा. माझ्या मते जून. पावसाळाभर केस झटपट सुकतात, तो खांद्यावर आपटणारा वाईट टप्पा ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून पुढे थंडीत निघून जातो, आणि मार्चमध्ये उकाडा सुरू होईपर्यंत ९ महिन्यांत ११ सेंटिमीटर वाढलेले असतात, बांधता येतात. जानेवारीत कापलात तर तोच वाईट टप्पा बरोबर मे महिन्यात येतो.

वाढ वेगात करायचं काही औषध आहे का, हे सगळ्याच विचारतात. ट्रिम केल्याने केस वेगाने वाढत नाहीत, वाढ मुळाशी होते, टोकाला काय केलं ते मुळाला कळत नाही. ट्रिमचा फायदा एवढाच की फाटे वर चढत नाहीत. खोबरेल तेलानेही वेग वाढत नाही, पण धुवायच्या आधी लावलं तर केसातलं प्रथिन कमी निघून जातं, २००३ च्या एका अभ्यासात खोबरेल, सूर्यफूल आणि मिनरल ऑइल यांची तुलना केली होती त्यात खोबरेलनेच हे केलं. आपल्याकडे घाण्याचं तेल सहज मिळतं, टोकांना लावत जा. बायोटिनच्या गोळ्या शरीरात त्याची कमतरता असेल तरच कामाच्या, आणि त्या चालू असतील तर रक्त तपासायच्या आधी डॉक्टरांना सांगा, थायरॉइडसारख्या काही टेस्टचे रिपोर्ट त्याने चुकीचे येऊ शकतात.

पार्लरमध्ये यावर हमखास सुचवतात ते केराटिन किंवा स्मूदनिंग, म्हणजे औषध लावून केस सपाट करणं. मी तरी नाही म्हणेन. केस सपाट झाले की लाटांमध्ये लपलेली पायरी उलट जास्त उघडी पडते, लांबी काही वाढत नाही, आणि यातल्या काही प्रकारांत गरम केल्यावर फॉर्मल्डिहाइड बाहेर पडतं, ग्लायॉक्सिलिक ॲसिड असलेल्या स्ट्रेटनिंगनंतर मूत्रपिंडाला इजा झाल्याच्या केसेसही वैद्यकीय नियतकालिकांत आल्या आहेत. बिघडलेल्या कटसाठी एवढा धोका कशाला.

कुठलाही रस्ता घ्या, खुर्चीत बसल्यावर काय बोलता यावर पुढचे महिने अवलंबून आहेत. "ट्रिम करा" एवढंच म्हणालात तर सवयीने वरचे लेयरही "फ्रेश" करून देतात, आणि मग तीन महिने वाढवलेलं एका मिनिटात गेलं, अंतर परत होतं तेवढं. त्यामुळे स्पष्ट सांगा, वरच्या लेयरला कात्री लावायची नाही, फक्त खालची रेघ, यू नको व्ही नको, सरळ. दातेरी कात्री नको, रेझर नको. आणि आरशात लक्ष ठेवा, केस पाठीला टेकलेले ठेवून कापले तर सरळ रेघ येते, बोटांत धरून वर उचलले तर लेयर पडतात. उचललेले दिसले की तिथेच हात वर करून थांबवा, भीड बाळगू नका.