ख्रिस्ती महाविद्यालयातील हेझिंगविरोधी व्यवस्था : एका पालकाचा अभिप्राय

आमची मुलगी अमेरिकेतील एका ख्रिस्ती महाविद्यालयात शिकते. संघात किंवा गटात सामावून घेण्याच्या निमित्ताने नवख्यांचा जो छळ होतो, त्याला तिकडे हेझिंग म्हणतात. तो रोखण्यासाठी आणि त्याची तक्रार घेण्यासाठी महाविद्यालयाने केलेली व्यवस्था मी पालक म्हणून बारकाईने पाहिली.

प्रतिबंधाचे काम चोख आहे. फ्रॅटर्निटी (निवडक सदस्यांच्या विद्यार्थी-संघटना) नाहीत म्हणजे छळही नाही, असा समज अशा संस्थांमध्ये सहज रुजतो. इथले प्रशिक्षण मात्र थेट क्रीडासंघ, गायकवृंद आणि वसतिगृहाचे मजले यांच्यापासूनच सुरू होते. ते योग्यच आहे, कारण इलिनॉयमधील व्हीटन या नावाजलेल्या ख्रिस्ती महाविद्यालयात २०१६ साली एका खेळाडूबाबत घडलेल्या प्रकारावरून पुढच्या वर्षी पाच फुटबॉलपटूंवर फौजदारी आरोप ठेवले गेले होते. ‘तो स्वतःहून तयार झाला’ हा बचाव चालणार नाही, हेही मुलांना स्पष्ट सांगितले जाते. डिसेंबर २०२४ मध्ये झालेल्या अमेरिकेच्या हेझिंगविरोधी संघराज्य कायद्याच्या व्याख्येतही पीडिताची तयारी होती की नव्हती, हे गैरलागू मानले आहे.

तक्रारीचा अर्ज मात्र निराश करतो. ‘नाव देणे ऐच्छिक’ असे त्यावर ठळक लिहिले आहे, पण तो अर्ज उघडण्यासाठीच विद्यार्थ्याला स्वतःच्या खात्यातून लॉगिन करावे लागते. मग निनावीपणावर घाबरलेल्या मुलाने विश्वास ठेवावा तरी कसा? तातडीच्या प्रसंगी ९११ वर फोन करावा, ही सूचनाही अगदी तळाशी, बारीक अक्षरांत आहे.

बायबलमधील मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या अठराव्या अध्यायात, भावाने अपराध केला तर आधी एकांतात त्याच्याशी बोलावे, असे सांगितले आहे. दोन मित्रांच्या भांडणात हा सल्ला मोलाचा ठरेल. पण नवख्या मुलाने संघाच्या कर्णधाराला एकांतात गाठावे, अशी अपेक्षा करणे म्हणजे त्याला पुन्हा त्याच्याच तावडीत देणे होय. महाविद्यालयाच्या नियमावलीने हे ओळखले असून तक्रारीआधी समेटाची अट घातलेली नाही, हे मला सर्वांत मोलाचे वाटले. तक्रारदाराने त्या रात्री मद्य घेतले असले तरी त्याबद्दल त्याच्यावर कारवाई होणार नाही, अशी हमीही तिथे आहे. जिथे प्रवेशाच्या वेळीच मद्य न घेण्याच्या प्रतिज्ञेवर सही घेतात, तिथे या हमीविना कोणी तोंड उघडणार नाही.

दोषी ठरलेल्या गटांची नावे जाहीर करणारा अहवाल नव्या कायद्याने बंधनकारक केला आहे. आमच्या महाविद्यालयाच्या त्या पानावर आज एकही नोंद नाही. पालकांनी एवढ्यावर निर्धास्त राहू नये, कारण चौकशीअंती दोष सिद्ध झालेली प्रकरणेच त्यात येतात. तपास चालू असलेली येत नाहीत, आणि तक्रारच न झालेली तर नाहीतच.