एका दिवसात दोन किल्ले : आमच्या फसलेल्या सहलीचा हिशेब

गेल्या डिसेंबरात आमच्या गावातील पंचवीस माणसांचे 23,750 रुपये माझ्या हातून गेले. माझ्या हातून असे मी मुद्दाम लिहितो, कारण प्रत्येकाने ते पैसे मला दिले होते आणि मी ते माझ्या मोबाइलवरून अशा माणसाला पाठवले होते, ज्याचे तोंडही मी आजपर्यंत पाहिलेले नाही. या पंचवीस जणांत बचत गटाच्या अकरा महिला होत्या. ऐन कापूस वेचणीच्या हंगामात त्यांनी एका दिवसाची मजुरी बुडवली होती. मी तीस वर्षे शाळेत इतिहास शिकवला आणि निवृत्तीनंतर गावच्या वाचनालयाचे काम पाहतो. फसवणूक कशी झाली हे लिहिताना माझा मूर्खपणा झाकता येणार नाही, म्हणून तो झाकत नाही.

आमचे गाव दर्यापूर तालुक्यात, पूर्णा नदीच्या खारपाणपट्ट्यात आहे. विहिरीचे पाणी खारे, त्यामुळे बागायत जवळजवळ नाही. कापूस, तूर, हरभरा एवढेच आमचे शिवार. तासा-दीड तासाच्या अंतरावर अकोट आणि अंजनगाव सुर्जीकडे संत्र्याच्या बागा, पानमळे, पानपिंपळीचे वाफे आहेत, पण आमच्या गावातील कित्येक महिलांनी ते कधी पाहिलेले नव्हते. त्यामुळे नोव्हेंबरात वाचनालयाच्या व्हॉट्सअॅप गटावर जी जाहिरात कोणीतरी पुढे पाठवली, तिने सगळ्यांचे लक्ष वेधून घेतले. सकाळी पांदणीने शिवारफेरी, संत्र्याची बाग, शेतात हुरडा, दुपारी पिठले-भाकरी आणि ठेचा, त्यानंतर परवानाधारक मार्गदर्शकासह नरनाळा आणि गाविलगड हे दोन किल्ले, आणि रात्री आठपर्यंत घरी, असा तो कार्यक्रम होता. वर एका किल्ल्याचे छायाचित्र होते आणि त्याच्या तटामागे पाणी पसरलेले दिसत होते. नरनाळ्यावर तलाव आहेत हे मला ठाऊक असल्यामुळे मी त्या पाण्याकडे दुसऱ्यांदा पाहिले नाही.

जाहिरातीवरील क्रमांकावर मी फोन केला. पलीकडचा तरुण अत्यंत नम्रपणे बोलत होता. मी इतिहासाचा शिक्षक असल्याचे कळताच त्याने कार्यक्रमाची माहिती देणे थांबवले आणि मलाच विचारले, "सर, तुम्हाला या भागात काय पाहावेसे वाटते?" मी बोलत गेलो. इंग्रज आणि शिंदे-भोसले यांच्यातील 1803 च्या युद्धाचा शेवट आमच्याच मुलखात झाला, 29 नोव्हेंबरला अडगावची लढाई, 15 डिसेंबरला इंग्रज सेनानी आर्थर वेलस्लीच्या फौजेने घेतलेला गाविलगड, 17 डिसेंबरला एलिचपूर म्हणजे आजच्या अचलपूरजवळच्या देवगावला भोसल्यांशी झालेला तह आणि 30 डिसेंबरला सुर्जी-अंजनगावला शिंद्यांशी झालेला तह, हे सगळे महिनाभरात आणि एकाच पट्ट्यात घडले. त्या वाटेने एकदा माणसांना घेऊन जावे अशी माझी जुनी इच्छा आहे, असे मी त्याला सांगितले. दुसऱ्या दिवशी त्याने मला सुधारलेला कार्यक्रम पाठवला. त्याचे शीर्षक होते "1803 च्या वाटेवर". माझीच इच्छा त्याने नऊशे पन्नास रुपयांचे लेबल लावून मला विकली, हे मला तेव्हा उमगले नाही. उलट हा मुलगा अभ्यासू आहे असे मी गटावर लिहिले.

आता अंतरांचा हिशेब पाहा, कारण तो मला करता येत होता आणि मी केला नाही. अकोटहून शहानूर हे नरनाळ्याच्या पायथ्याचे गाव सुमारे वीस किलोमीटर आहे. तेथून परत अकोट, मग अंजनगाव, मग परतवाडा आणि मग घाट चढून गाविलगडाजवळचे चिखलदरा, हे शंभर किलोमीटरच्या आसपास होते. आमच्या गावापासून निघून परत गावात येईपर्यंत, माझ्या हिशेबाने, अडीचशे किलोमीटर. डिसेंबरात सहाच्या सुमारास अंधार पडतो. नरनाळा नीट पाहायला अर्धा दिवसही अपुरा पडतो, कारण मुख्य किल्ला आणि दोन्ही बाजूंचे जाफराबाद व तेलियागड हे उपदुर्ग मिळून तो प्रचंड पसरलेला आहे. अडगावची लढाई जिंकल्यावर वेलस्ली आणि स्टीव्हन्सन यांच्या फौजांना गाविलगड हाती यायला सोळा दिवस लागले, आणि त्यासाठी स्टीव्हन्सनच्या तुकडीला तोफा डोंगरातून ओढत उत्तरेच्या बाजूने न्याव्या लागल्या. हे मी वर्गात फळ्यावर नकाशा काढून शिकवलेले आहे. तरीही शिवारफेरी, हुरडा, जेवण आणि दोन डोंगरी किल्ले एका दिवसात होतील, असे मी पंचवीस माणसांना सांगितले.

मी असे का केले, याचे उत्तर मला त्याच्या तिसऱ्या फोनमध्ये सापडते. तो म्हणाला, "सर, तुमच्याकडून मी एक रुपयाही घेणार नाही. तुम्ही सोबत आहात हेच आमचे भाग्य. फक्त बाकीच्यांचे पैसे तुम्ही गोळा करून द्या, म्हणजे मला घरोघर फोन करावा लागणार नाही." पंचवीस जणांमागे एक जागा फुकट देणे हा सहलींच्या धंद्यातील साधा रिवाज आहे, असे मला नंतर एका वाहनमालकाने सांगितले, आणि प्रामाणिक लोकही तो पाळतात. पण त्या दिवसापासून मी ग्राहक राहिलो नाही, मी त्याचा माणूस झालो. कोणी शंका काढली की तिला उत्तर मी देत असे. आमच्या गटातील एका काकूंनी विचारले होते की दोन किल्ले कशाला, एकच नीट पाहू. त्यांना मी हसून गप्प केले. आज मला सगळ्यात जास्त ते हसणे बोचते.

पैसे तीन टप्प्यांत गेले. नोंदणीचे म्हणून माणशी 300, मग वाहन ठरवण्याचे 250, आणि शेवटी, सहलीच्या दोन दिवस आधी, जंगल प्रवेशाचा परवाना, मार्गदर्शक आणि जेवण यांचे 400. पहिली रक्कम पाठवताना पडद्यावर एका बाईचे नाव आले. विचारल्यावर तो म्हणाला की त्याच्या खात्याची दिवसाची मर्यादा संपली आहे आणि हे मावशीचे खाते आहे. दुसऱ्या वेळी तिसरेच नाव आले, तेव्हा मी विचारलेही नाही. तिसऱ्या रकमेनंतर अर्ध्या तासात त्याने वनविभागाच्या प्रवेश-पावतीचे छायाचित्र पाठवले. ते किंचित धूसर होते, पण शिक्का आणि अनुक्रमांक दिसत होता. सरकारी शिक्का दिसला की आपण वाचणे थांबवतो.

ठरलेल्या रविवारी पहाटे सहाला दोन गाड्या येणार होत्या. सव्वाआठला एकच आली, सतरा आसनांची. मार्गदर्शक कोठे आहे असे विचारता फोनवर उत्तर मिळाले की तो अकोटला चढेल आणि दुसरी गाडी तेथेच मिळेल. आम्ही सव्वीस जण, त्यांत दोन लहान मुले मांडीवर, त्या गाडीत कोंबून निघालो. अकोटला गाडी मिळाली नाही. चढला तो एकोणीस-वीस वर्षांचा एक मुलगा. किल्ला दाखवला तर 500 रुपये मिळतील, एवढेच त्याला सांगितलेले होते. मुलगा गुणी होता. त्याने शिवारफेरी म्हणून आम्हाला अकोटच्या पुढे एका संत्र्याच्या बागेत नेले, पण ती बाग कोणाची हे त्यालाही माहीत नव्हते. आम्ही झाडांखाली पोहोचतो न पोहोचतो तोच मालक धुऱ्यावरून ओरडत आला, "कोनाले इचारून आले तुमी वावरात?" पंचवीस जणांच्या देखत मला हात जोडावे लागले. सगळी हकीकत ऐकल्यावर तो माणूस शांत झाला, त्याने मोटार सुरू करून सगळ्यांना पाणी पाजले आणि महिलांना आंबिया बहाराची व मृग बहाराची फळे यांतला फरक समजावून सांगितला. आमच्या सहलीत जे काही शिकायला मिळाले ते त्याच्याकडून, आणि त्याला कोणी एक पैसा दिलेला नव्हता. हुरडा अर्थातच नव्हता.

शहानूरला आम्ही पोहोचलो तेव्हा पाऊण वाजून गेला होता. नरनाळा किल्ला मेळघाटच्या राखीव जंगलात येतो, त्यामुळे वर जाण्यापूर्वी वनविभागाच्या नाक्यावर नोंद करून शुल्क भरावे लागते. मी मोबाइलमधील पावती पुढे केली. खिडकीवरच्या कर्मचाऱ्याने ती मोठी करून पाहिली आणि अगदी सौम्य आवाजात सांगितले, "सर, ही पावती तुमची नाही. यावर चार माणसे लिहिली आहेत, गाडीचा क्रमांक वेगळा आहे, आणि तारीख खोडून लिहिलेली आहे." मी फोन लावला. एकदा तो उचलला गेला, "पाच मिनिटांत करतो सर" असे उत्तर आले, आणि त्यानंतर तो क्रमांक बंद झाला तो आजतागायत.

आम्ही पुन्हा वर्गणी काढून खिडकीवर शुल्क भरले आणि खरी पावती घेतली. ती मी नीट पाहिली : माणसांची संख्या, गाडीचा क्रमांक, तारीख, सगळे छापील आणि जुळणारे. एवढी गोष्ट मी दोन दिवस आधी घरी बसून, त्या धूसर छायाचित्रावर, करू शकलो असतो.

किल्ल्यावर दीड-दोन तास मिळाले. महाकाली दरवाजासमोर उभे राहिल्यावर त्या मुलाने पाठ केल्याप्रमाणे सांगितले की हा दरवाजा शिवाजी महाराजांनी बांधला. मी त्याला बाजूला घेऊन समजावले की दरवाजावरील शिलालेख 1487 सालचा, बहमनी काळातील, फत्तेउल्ला इमाद-उल-मुल्क याच्या अमलातला आहे, आणि महाराजांचा जन्म त्यानंतर जवळजवळ दीडशे वर्षांनी झाला. हाच फत्तेउल्ला पुढे वऱ्हाडच्या इमादशाहीचा पहिला सुलतान झाला. मुलगा ओशाळला. त्याला ते वाक्य फोनवर सांगण्यात आले होते. मग उरलेला वेळ मीच बोललो : दगडातली नक्षी, सज्जे, नऊगजी तोफ. महिलांनी मन लावून ऐकले, पण मला माझाच आवाज परका वाटत होता. त्यांच्या डब्यांत जे होते तेच दुपारचे जेवण झाले. बऱ्याच जणींनी जेवण मिळणार म्हणून डबे आणलेच नव्हते.

खाली उतरल्यावर चिखलदऱ्याला किती वाजता पोहोचू, असे मी चालकाला विचारले. तो चकित झाला. त्याला फक्त "शहानूर आणि परत" एवढेच सांगितलेले होते, तेही दुपारी चारपर्यंत. त्याला 2,000 रुपये आगाऊ मिळाले होते आणि उरलेले 5,500 "सर देतील" असे ठरले होते. म्हणजे गाविलगड या सहलीत कधी नव्हताच. तो केवळ माझ्यासाठी कागदावर घातलेला होता. चालकाचे म्हणणे रास्त होते, त्याने डिझेल खर्च केले होते. ते 5,500 आणि त्या मुलाचे 500 मी माझ्या खिशातून दिले. अंधार पडायच्या आत आम्ही गावात होतो, आणि पूर्ण प्रवासात गाडीत कोणी मला एक शब्दही उणा बोलले नाही, जे अधिक कठीण होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी 1930 या सायबर मदत क्रमांकावर तक्रार नोंदवली. येथे एक गोष्ट सांगणे आवश्यक आहे : हा क्रमांक फसवणूक लक्षात आल्याबरोबर लावायचा असतो, कारण पैसे त्या खात्यात असतील तरच ते रोखून धरता येतात. मी शहानूरच्या नाक्यावर उभा असतानाच तो लावायला हवा होता. त्याऐवजी मी आधी सहल पार पाडली, मग रात्रभर लाजेने कोणाला सांगायचे याचा विचार केला. तोवर तिन्ही खाती रिकामी झालेली होती. तालुक्याच्या पोलीस ठाण्यात लेखी तक्रारही दिली. भारतीय न्याय संहितेत फसवणुकीचे कलम 318 आहे, ते तेथील अधिकाऱ्याने मला दाखवले आणि पैसे पाठवल्याचे तपशील, संदेश, ती खोटी पावती, सगळ्याच्या प्रती मागितल्या. सुदैवाने मी काहीच पुसलेले नव्हते. एका महिलेने सगळा संवाद रागाने काढून टाकला होता. तसे करू नये.

यानंतर आमच्या गावातून कोणतीही सहल निघेल तेव्हा वाहनाचे भाडे थेट वाहनमालकाला, उतरल्यावर दिले जाईल, आणि प्रवेशशुल्क नाक्याच्या खिडकीवरच भरले जाईल, असे वाचनालयाच्या बैठकीत ठरले. पैसे गोळा करणारा आणि आयोजकाशी बोलणारा अशी दोन वेगळी माणसे असतील, आणि फुकट जागा कोणी घेणार नाही. ही शेवटची सूचना त्याच काकूंची होती, ज्यांना मी हसलो होतो. 23,750 पैकी निम्मी रक्कम मी आतापर्यंत परत केली आहे, उरलेली तूर विकल्यावर देईन. सात जणींनी ती घेण्यास नकार दिला, त्यांच्या नावाने वाचनालयाच्या वहीत ती जमा दाखवली आहे.

मागील आठवड्यात पुतण्याने मला दुसऱ्या एका गटावर आलेली जाहिरात दाखवली. सहलीचे नाव वेगळे आहे, फोन क्रमांक नवा आहे, दर माणशी 1,100 झाला आहे. छायाचित्र मात्र तेच आहे. या वेळी मी ते संगणकाच्या मोठ्या पडद्यावर पाहिले : तटामागे तलाव नाही, समुद्र आहे, आणि त्यात शिडाची होडी आहे. ती जाहिरात मी ठाण्यात नेऊन दिली. खाली ठळक अक्षरांत अजूनही लिहिलेले आहे, नरनाळा आणि गाविलगड, एका दिवसात.