सांध्यांना मोटर कुठली लावायची: कॉइल, सर्व्हो की सावकाश फिरणारी?

कुपवाडचा एक मित्र मॉडेल रेल्वेचा डिजिटल लेआउट उभारतोय, म्हणजे बोर्डवरची छोटी रेल्वे, जिथे गाड्यांना हुकूम हँडसेटवरून रुळांतूनच जातात. रूळ अंथरून झाले, आणि आता सांध्यांना, म्हणजे गाडी एका रुळावरून दुसऱ्या रुळावर वळते त्या जागांना, मोटरी कुठल्या लावायच्या यावर गाडी अडली आहे. परवा रात्री आम्ही तासभर फोनवर बोललो, तरी त्याचं समाधान झालं नाही आणि माझंही सांगून संपलं नाही. म्हणून सगळं एकदा लिहून काढतोय. तिन्ही प्रकारच्या मोटरी मी स्वतः लावल्या आहेत आणि त्यातल्या दोन प्रकारच्या काढल्याही आहेत.

माझा पहिला लेआउट गावभागात तळमजल्यावर होता. २०१९च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी घरात आलं तेव्हा गाड्या वर नेता आल्या, बोर्ड खालीच राहिला. दुसरा लेआउट वरच्या खोलीत बांधला, मिरज जंक्शन डोळ्यांपुढे ठेवून. एके काळी ब्रॉडगेज, मीटरगेज आणि बार्शी लाइटची २ फूट ६ इंची नॅरोगेज, तिन्ही मिरजेला एकत्र यायच्या. माझ्याकडे अर्थात एकच गेज आहे, एचओ हे मॉडेल रेल्वेचं नेहमीचं माप. सांधे चौदा, सगळे पेको कंपनीचे इलेक्ट्रोफ्रॉग, म्हणजे ज्यांचा फ्रॉग (दोन रूळ एकमेकांना छेदतात तो तुकडा) धातूचा असतो आणि त्यातही वीज असते.

पहिल्या लेआउटवर कॉइलच्या मोटरी होत्या आणि त्यांच्याबद्दल माझ्या मनात आजही आदर आहे. बटण दाबलं की खट्कन पात, म्हणजे सांध्याचा सरकणारा रूळ, पलटते. पुढे पात धरून ठेवण्याचं काम पेकोची स्प्रिंग करते, मोटरला त्यात काही करावं लागत नाही. लाइट गेली काय, आली काय, सांधा जिथल्या तिथे राहतो. ही मोठी गोष्ट आहे, ती पुढे लक्षात ठेवा. तोटे सगळ्यांना ठाऊक आहेत: एका झटक्याला दोन-तीन अॅम्पिअर लागतात, वायर बारीक किंवा लांब असेल तर झटका अर्धवट बसतो, आणि बटण अडकून राहिलं तर कॉइल जळते. माझी एक अशीच जळली. कपॅसिटर डिस्चार्ज युनिट घातल्यावर हा प्रश्न मिटतो, कारण साठलेला विजेचा झटका एकदाच बसतो आणि बटण सुटेपर्यंत कपॅसिटर पुन्हा भरत नाही. कॉइल लावणार असाल तर या युनिटचे पैसे वाचवू नका. मला मात्र दोन गोष्टी खटकत राहिल्या. पॅनेलकडे बघून सांधा कुठल्या बाजूला आहे ते कळत नाही, आणि पात अशी आपटते की बघताना रेल्वेचा सांधा बदलतोय असं वाटत नाही.

म्हणून दुसऱ्या लेआउटवर सर्व्होपासून, म्हणजे सांगितलेल्या कोनात जाऊन थांबणाऱ्या मोटरीपासून, सुरुवात केली. नऊ ग्रॅमची निळी सर्व्हो पुण्यात बुधवार पेठेत शंभर-दीडशेत मिळते. खराब झाली तर हळहळ नाही, आणि आकाराने एवढी छोटी की कुठेही बसते. पात किती सरकवायची, किती वेळात सरकवायची, हे सगळं प्रोग्रॅममधून ठरवता येतं. पात हळूहळू सरकून रुळाला टेकताना पाहिली तेव्हा मिरजेच्या फलाटावर उभा असल्यासारखं वाटलं. पात बदलली की फ्रॉगच्या विजेची ध्रुवताही बदलावी लागते, त्यासाठी प्रत्येक सर्व्होजवळ एक मायक्रोस्विच लावावा लागतो आणि तो जुळवणं जिकिरीचं असतं. पात रुळापासून सुटायच्या आधीच स्विच पलटला तर क्षणभर शॉर्ट होतो. साध्या डीसीवर तो कळलाही नसता, पण डिजिटल बूस्टर (रुळांना वीज देणारं यंत्र) तेवढ्यात सगळा लेआउट बंद करतो. तरी हे चिकाटीने जमतं, मला जमलं.

जमलं नाही ते वेगळंच. उन्हाळ्यात आमच्याकडे संध्याकाळी लाइट जाते आणि दहा-वीस मिनिटांनी येते. लाइट आली की चौदाच्या चौदा सर्व्हो एकदम उचकी लागल्यासारख्या हलायच्या. कारण समजायला सोपं आहे. पाच व्होल्ट सर्व्होला लगेच मिळतात, पण तिला कुठे जायचं ते सांगणारा कंट्रोलर जागा व्हायला जरा वेळ लागतो. तेवढ्यात सिग्नलच्या वायरवर जे काही आलं त्यालाच ती हुकूम समजते. शिवाय आर्डुइनो या छोट्या कंट्रोलर बोर्डाची नेहमीची सर्व्हो लायब्ररी (तयार प्रोग्रॅम) आधी काही सांगितलं नसेल तर सर्व्होला थेट मधल्या जागी नेते, म्हणजे पात ना इकडे ना तिकडे.

एका मे महिन्यात कोयना एक्सप्रेसचा रेक यार्डाच्या तोंडाशी असताना लाइट गेली. आली तेव्हा एका डब्याच्या चाकांखालीच पात हलली आणि अर्ध्यात अडकली. मला ते दिसलं नाही. गाडी हलवली तशी पुढची बोगी एका रुळावर आणि मागची शेजारच्या रुळावर गेली, डबा आडवा झाला आणि त्याने आणखी दोन डबे ओढले. स्वतः रंगवलेले डबे होते ते, जवळजवळ एका पावसाळ्याचं काम.

त्यानंतर मी बरेच उपाय केले. शेवटची जागा मेमरीत लिहून ठेवायची आणि सर्व्हो जोडण्याआधी तीच द्यायची: हलणं बरंच कमी झालं. सिग्नलच्या वायरला पुल-अप रेझिस्टर (वायर एकाच पातळीवर धरून ठेवणारा) लावला: काही सर्व्हो शांत झाल्या, दुसऱ्या खेपेला आणलेल्या झाल्या नाहीत. शेवटी कंट्रोलर जागा होईपर्यंत सर्व्होंचे पाच व्होल्ट रिलेने तोडून ठेवले, तेव्हा कुठे हे थांबलं. पण मग रिले, मायक्रोस्विच, कंट्रोलर आणि प्रोग्रॅम मिळून ती स्वस्त मोटर स्वस्त राहिली नाही. आणि लाइट आली की माझी नजर आपोआप यार्डाकडे जायची, ती सवय काही गेली नाही.

सावकाश फिरणाऱ्या मोटरीकडे मी असा आलो. टॉरटॉइज हे त्यातलं जुनं आणि भरवशाचं नाव. ती १२ व्होल्ट डीसीवर चालते, ध्रुवता उलटी केली की उलटी फिरते आणि टोकाला पोचली की दाबून धरून थांबते. तेव्हाही ती साधारण १५ मिलिअॅम्पिअरच घेते, म्हणून कायम चालू ठेवली तरी चालतं. माझ्या चौदा मोटरी मिळून पाव अॅम्पिअरही होत नाही, जुन्या राउटरचा अडॅप्टर सगळ्यांना पुरतो. कॉइलला जी बारीक वायर नको म्हटलं, ती इथे चालते. मी नेटवर्क केबलचे उरलेले तुकडे वापरले. फ्रॉगसाठी स्विच मोटरीतच येतो. करंट इतका कमी की मोटरीच्या ओळीतच दोन रंगांचा एलईडी टाकता येतो, आणि सांधा कुठल्या बाजूला दिलाय ते पॅनेलवर दिसत राहतं.

आणि लाइट गेली की? गिअरमुळे पात जागची हलत नाही. लाइट आली की टॉगल स्विच जिथे होता तिथेच असतो, म्हणून मोटर त्याच बाजूला पुन्हा दाबते. आठवण ठेवणारा इथे टॉगलच. चार उन्हाळे झाले, लाइट आल्यावर एकही सांधा हललेला मी पाहिलेला नाही.

उणिवा आहेत. बाहेरून मागवावी लागते, त्यामुळे एका मोटरीच्या पैशात कितीतरी सर्व्हो येतील. बोर्डखाली सव्वातीन इंचांहून जास्त जागा खाते. सोबतची तार पेकोच्या सांध्याला मला लवचिक वाटली, मी थोडी जाड पियानो वायर घातली. पेकोची स्प्रिंग काढून टाकावी लागते. आणि हलका घूं आवाज येतो. १२ऐवजी ९ व्होल्ट दिले की तो कमी होतो, पातही आणखी निवांत सरकते.

आता डिजिटलचा प्रश्न. सांधे हँडसेटवरून बदलायचे असतील तर अॅक्सेसरी डिकोडर लागतात, म्हणजे हँडसेटचा हुकूम ओळखून मोटर चालवणारी सर्किटं. त्यांचे पत्ते १ ते २०४४, म्हणजे घरच्या लेआउटला कमी पडायचे नाहीत. पण डिकोडरना वीज रुळांच्याच बसमधून, म्हणजे रुळांना वीज नेणाऱ्या मुख्य वायरींमधून, देऊ नका. गाडी उलट्या पडलेल्या सांध्यावर चढली की इलेक्ट्रोफ्रॉगवर शॉर्ट होतो, बूस्टर बंद पडतो, आणि ज्या सांध्यामुळे शॉर्ट झाला तोच बदलायला वीज उरत नाही. गाडी हाताने मागे ओढावी लागते. डिकोडरची बस वेगळी ठेवली की हे टळतं. मी मात्र गाड्या डिजिटल ठेवल्या आणि सांधे पॅनेलवर. हँडसेटवर सांध्याचा नंबर आठवत बसण्यापेक्षा समोरच्या नकाशावरचा टॉगल ओढणं मला तरी सोपं जातं. कुणाला संगणकावरून पूर्ण मार्ग लावायचा असेल तर डिकोडरला पर्याय नाही, तेही कबूल करतो.

तर मित्रा, तुझ्याबद्दल. वीस-पंचवीस सांधे आणि खिसा आवळलेला असेल तर सर्व्होंना मी नाही म्हणणार नाही, फक्त रिलेचा खर्च आधीच धर. जिथे बोर्डखाली हातच पोचत नाही तिथे कॉइल बरी. पण मेनलाइनवर आणि यार्डाच्या तोंडाशी, जिथे गाडी उभी राहण्याची शक्यता जास्त, तिथे निदान चार-पाच सावकाश मोटरी लावून बघ. तुझे रूळ चिकटवून झालेत, त्यामुळे आधी टायबारखाली (दोन्ही पाती जोडणाऱ्या पट्टीखाली) भोक पाडायला जागा आहे का ते तपास. नसेल तर तो सांधा उचलावा लागेल, आणि ते आत्ताच केलेलं बरं. मोटरी येईपर्यंत हातानेच सांधे बदलत गाड्या चालव, आणि तोवर पेकोच्या स्प्रिंगा काढू नकोस.