सलाला की मस्कतची बाजू? ओमानला येताय तर आधी हे वाचा

दरवर्षी मे महिना आला की पुण्याहून कोणाचा तरी फोन येतोच, ओमानला यायचं म्हणतोय, सलाला करू की मस्कत? मी उलट विचारतो, कधी येताय आणि सोबत कोण आहे? कारण देश एकच असला तरी मध्ये हजारेक किलोमीटर वाळवंट आहे, आणि सलालाचा सीझन असतो तेव्हा मस्कतला नुसती भट्टी. चार दिवसांत दोन्ही उरकायला जाऊ नका.

सलाला म्हणजे खरीफ, आपल्या खरीप हंगामातला शब्द तोच. २१ जूनपासून साधारण तीन महिने आपलाच नैऋत्य मोसमी वारा धोफारच्या, म्हणजे सलालाच्या प्रांतातल्या, डोंगरांना येऊन अडतो, पण पाऊस म्हणाल तर भुरभुर, बाकी सगळं धुकं. सगळं गल्फ ४५ डिग्रीत भाजत असताना इथे २५-२६, त्यामुळे सौदी-कुवेतच्या नंबरप्लेटच्या गाड्यांची रांग लागते आणि ओल्या गवतावर सतरंजी टाकून अख्खं खानदान भिजत चहा पित बसलेलं दिसतं. त्यांचं बरोबरच आहे हो! पण ज्याने जुलैत ताम्हिणी घाट बघितलाय त्याचं काय? माझ्या आईने रस्त्याकडेची शहाळी आणि केळीचे घड बघितले आणि म्हणाली, यासाठी पासपोर्ट कशाला काढला, गुहागरला गेलो असतो की. त्यात त्या दिवसांत हॉटेलं महाग, समुद्र खवळलेला, आणि धुक्यात गाडी हळू हाकताना समोर अचानक उंट उभा.

तरी सलालात एक चीज आहे जी कोकणात नाही, लोबान, म्हणजे झाडाचा सुगंधी डिंक. गंमत म्हणजे ही झाडं हिरवळीत येत नाहीत, डोंगराच्या पलीकडे जिथे धुकं पोचत नाही तिथल्या कोरड्या दगडांत येतात. वादी दौकाला (वादी म्हणजे डोंगरातून येणाऱ्या ओढ्याची दरी) जाऊन बघा, २००० सालापासून जागतिक वारसा यादीत आहे. सालीवर ओरखडा काढला की दुधासारखा थेंब येतो आणि हळूहळू सुकून खडा होतो.

आता मस्कतची बाजू. इथे यायचं तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी, उन्हाळ्यात चुकूनही नाही. हे सह्याद्रीसारखं अजिबात नाही, उघडाबोडका डोंगर, एक झाड नाही, आणि तेच बघायचं असतं. वादी शाब मस्कतपासून दीडेक तासावर, आधी छोट्या बोटीने पलीकडे जायचं, मग पाऊण तास दगडांतून चालायचं, मग हिरव्यागार पाण्यात पोहत पोहत शेवटी फक्त डोकं जाईल एवढ्या फटीतून आत घुसायचं की गुहेत धबधबा! पोहता येत नसेल तर मात्र बाहेरच बसावं लागतं, आणि आभाळ भरलं असेल तर वादीत उतरायचंच नाही, डोंगरात लांब कुठे पाऊस पडला तरी इथे लोंढा येतो.

जबल शम्स हा डोंगर ३००० मीटरच्या आसपास, कड्यावरून खाली बघितलं की सरळ हजारेक मीटरची दरी, लहान पोरं असतील तर हात सोडू नका. जबल अखदर या दुसऱ्या डोंगरावर जाताना पोलीस चेकपोस्टवर फोर बाय फोर आहे का बघतात, साधी गाडी परत पाठवतात, तेव्हा भाड्याची गाडी घेताना बघून घ्या. वाळवंटात एक रात्र शर्किया सँड्सला काढली की पुरे. रास अल जिंझच्या किनाऱ्यावरची कासवं बघायची असतील तर खरा सीझन उन्हाळ्यातच, तो एक घोळ आहे.

मग काय करायचं? तरणी मंडळी असतील तर डोळे मिटून मस्कत. गुडघे दुखणारे आईवडील असतील तर सलाला, तिथे बहुतेक सगळं गाडीतून बघून होतं, फक्त जुलैत नको, सप्टेंबर संपत आला की या, धुकं उठलेलं असतं, हिरवळ शाबूत असते आणि गर्दी पांगलेली. इथे आखातातच वाढलेल्या पोरांना मात्र भर खरीफातच न्या, माझ्या लेकाने रेनकोट पहिल्यांदा तिथे घातला.

लोबान घेताना हुजरी जातीचा मागा, हिरवट झाक असलेला. आई गुहागर गुहागर करत होती पण जाताना पाव किलो घेऊन गेली, अजून दिवेलागणीला धुपाटण्यात टाकते.