अधिक्रमण की त्रिज्य वेग? लाल बटूंभोवतीच्या ग्रहांचा शोध

मे महिन्यात रात्री वर्धा-यवतमाळकडच्या मोकळ्या शिवारातून दक्षिण क्षितिजालगत अल्फा सेंटॉरी हा तारा दिसतो. त्याच्या शेजारचा, ४.२ प्रकाशवर्षांवरचा प्रॉक्झिमा हा लाल बटू, म्हणजे सूर्याहून लहान, थंड आणि मंद तांबडा तारा, मात्र नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. अशा थंड ताऱ्यांभोवतीचे खडकाळ ग्रह मुख्यतः दोन पद्धतींनी सापडतात.

अधिक्रमण पद्धतीत ग्रह ताऱ्यासमोरून जाताना प्रकाशात होणारी घट मोजतात. पृथ्वी सूर्याचा जेमतेम ०.००८ टक्के प्रकाश अडवते. पण ट्रॅपिस्ट-१ या लाल बटूचा व्यास सूर्याच्या सुमारे १२ टक्केच असल्यामुळे तिथे पृथ्वीएवढा ग्रह सुमारे ०.६ टक्के घट घडवतो, आणि म्हणूनच २०१७पर्यंत त्याचे सात ग्रह हाती लागले. कक्षा आपल्या दृष्टिरेषेत नसेल, तर मात्र सारेच मुसळ केरात.

त्रिज्य वेगाच्या पद्धतीला ही अट नाही. ग्रहाच्या ओढीने तारा किंचित डोलतो आणि त्याच्या वर्णपटातील रेषा सरकतात; त्यावरून ताऱ्याचा आपल्याकडे येण्याचा वा दूर जाण्याचा वेग, म्हणजेच त्रिज्य वेग, कळतो. २०१६ साली जाहीर झालेला प्रॉक्झिमाचा ग्रह प्रॉक्झिमा-बी असाच सापडला. त्याच्यामुळे ताऱ्याला मिळणारा वेग सेकंदाला सुमारे दीड मीटर, म्हणजे धुऱ्यावरून चालणाऱ्या माणसाइतका आहे. मात्र यातून किमान वस्तुमानच कळते, आणि ताऱ्यावरचे डागही असाच भास निर्माण करतात.

अगदी जवळच्या ताऱ्यांसाठी मी त्रिज्य वेगालाच झुकते माप देईन, कारण त्यांच्या बहुतेक ग्रहांचे अधिक्रमण आपल्याला दिसणारच नाही. वातावरण तपासायचे असेल, तर अधिक्रमण करणारा ग्रह अधिक सोयीचा. आणि घनता हवी असेल, तर अधिक्रमणातून मिळणारा आकार व वस्तुमान दोन्ही लागतात.