एडास असलेली गाडी, वर्षभराच्या वापरानंतर: काय चालू ठेवलं, काय बंद केलं आणि का

गाडी घेताना एडास, म्हणजे कॅमेरा-रडारच्या मदतीने चालकाला साहाय्य करणाऱ्या प्रणालींचा संच, आमच्या यादीत नव्हतंच. सहा एअरबॅग हव्या होत्या, ईएससी (घसरणारी गाडी सावरणारी प्रणाली) हवं होतं आणि भारत एनकॅपच्या सुरक्षा चाचणीत चांगले तारे मिळवलेली गाडी हवी होती. ज्या व्हेरियंटमध्ये हे सगळं एकत्र मिळत होतं, त्याच्यासोबत एडास आलं. पुढच्या काचेवर कॅमेरा, बंपरमध्ये रडार, आणि स्क्रीनवर चालू-बंद करायची लांबलचक यादी. आता वर्ष होत आलं. पुण्यात रोजचं ऑफिस, महिन्यातून एखाद-दोन वेळा पेठ नाक्याच्या पुढे सासरी, अधूनमधून मुंबई, आणि नणंदेकडे नागपूरला जाताना समृद्धी महामार्ग, असा सगळ्या प्रकारचा वापर झाला. घरात मी आणि नवरा, दोघेही चालवतो.

माझं मत आधीच सांगते. एरवी गप्प बसून शेवटच्या क्षणी धावून येणारं तंत्रज्ञान मला प्रत्येक गाडीत हवं आहे, स्वस्तातल्या गाडीतही. पण जे तासन् तास तुमच्या बदली गाडी हाकतं आणि जबाबदारी मात्र तुमच्याच डोक्यावर ठेवतं, त्यावर आपल्या रस्त्यांवर माझा विश्वास नाही. ही दोन्ही एकाच नावाखाली, एकाच पॅकेजमध्ये विकली जातात. वर्षभर वापरल्यावर मला सर्वांत जास्त खटकते ती हीच गोष्ट.

पहिल्या प्रकारातलं ऑटोमॅटिक इमर्जन्सी ब्रेकिंग. वाकडच्या उड्डाणपुलाखाली संध्याकाळी गाडीला गाडी लागलेली असते. समोरचा अचानक थांबला की स्क्रीनवर लाल चमकतं, बझर वाजतो आणि आपला पाय पोचेपर्यंत ब्रेक लागायला सुरुवात झालेली असते. अमेरिकेतल्या आयआयएचएस या विमा कंपन्यांच्या संस्थेने प्रत्यक्ष अपघातांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा अशा ब्रेकमुळे मागून धडकण्याचे अपघात जवळपास निम्म्याने कमी झालेले दिसले. युरोपियन युनियनने जुलै २०२४ पासून प्रत्येक नव्या कारला ते सक्तीचं केलंय. आपल्याकडे दुचाकीवाला डावीकडून काटकोनात आत शिरतो, तेव्हा कधीकधी हाच ब्रेक नको तितका जोरात लागतो आणि मागच्या रिक्षावाल्याची तारांबळ उडते. वैतागून कित्येक जण तो कायमचा बंद करून टाकतात. कृपा करून तसं करू नका. आमच्या गाडीत इशारा लवकर, मध्यम की उशिरा हवा हे ठरवता येतं. शहरासाठी आम्ही ते ‘उशिरा’वर ठेवलं आणि विनाकारण लागणारे ब्रेक बरेच कमी झाले. मागे येताना बाजूने येणारी वाहनं दाखवणारा इशाराही तसाच मोलाचा. सोसायटीच्या फाटकातून रिव्हर्स घेताना भिंतीआडून येणारी सायकल माणसाला दिसूच शकत नाही, तिथे ते यंत्र आपल्या डोळ्यांच्या पुढे जाऊन बघतं. या दोन्ही गोष्टींनी माझं लक्ष तसूभरही कमी झालेलं नाही. कारण एरवी त्या माझ्यासाठी काहीच करत नाहीत.

दुसऱ्या प्रकाराबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण शोरूममध्ये भुरळ पडते ती यानेच. अ‍ॅडॅप्टिव्ह क्रूझ पुढच्या गाडीपासून अंतर राखत वेग कमी-जास्त करतं आणि लेन कीप असिस्ट स्टिअरिंग हलकेच फिरवून गाडी पट्ट्यांच्या मध्ये ठेवतं. समृद्धीवर हे दोन्ही चालू केलं की पहिली दहा मिनिटं छान वाटतं. पुढे काय होतं ते मी शेजारच्या सीटवर बसून पाहिलं. माझा नवरा वीसेक वर्षं गाडी चालवतोय आणि चालत्या गाडीत त्याने कधी फोनला हात लावला नव्हता. जुन्या गाडीत फोन वाजला तर तो मला उचलायला सांगायचा. या गाडीत, मोकळ्या रस्त्यावर, क्रूझ लावल्यावर काही आठवड्यांतच त्याची नजर फोनकडे वळायला लागली. आधी नुसती नजर, मग नोटिफिकेशन बाजूला सारायला बोट. माणूस तोच, रस्ता पूर्वीपेक्षा वेगवान, आणि सवय बिघडलेली. मी बोलले तेव्हा त्याने लगेच मान्य केलं. आता क्रूझ लावायचं तर फोन माझ्या पर्समध्ये, असा घरचा नियम आहे.

यात त्याच्या स्वभावाचा दोष मी मानत नाही. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ लिझान बेनब्रिज यांनी १९८३ मध्येच, कारखान्यांतल्या स्वयंचलित यंत्रणांबद्दल लिहिताना, ही अडचण मांडून ठेवली होती. सोपं काम यंत्राकडे जातं, माणसाकडे नुसती देखरेख उरते, आणि देखरेख हेच माणसाला सर्वांत कमी जमणारं काम. वर यंत्राला झेपत नाही तोच अवघड क्षण नेमका माणसाच्या हाती येतो, तोही सराव तुटलेला असताना. गाड्यांच्या स्वयंचलनाच्या पायऱ्यांमधली ‘लेव्हल टू’ म्हणजे हेच. स्टिअरिंग, ब्रेक आणि अ‍ॅक्सिलरेटर गाडी सांभाळते, पण कायद्याने आणि मॅन्युअलप्रमाणे चालक तुम्हीच. आयआयएचएसने मार्च २०२४ मध्ये अशा १४ प्रणालींना गुण दिले. चालकाचं लक्ष रस्त्यावर आहे का, हे त्या नीट तपासतात की नाही, हा मुख्य प्रश्न होता. त्यात ११ प्रणालींना ‘निकृष्ट’ शेरा मिळाला आणि समाधानकारक ठरली फक्त एक. त्याच्या आदल्या डिसेंबरमध्ये अमेरिकेत टेस्लाला ऑटोपायलट या तिच्या अशाच प्रणालीतल्या याच उणिवेवरून सुमारे २० लाख गाड्यांसाठी रिकॉल, म्हणजे दोष दुरुस्तीची मोहीम, काढावा लागला होता.

आमच्या गाडीत तर चालकाकडे बघणारा कॅमेराच नाही. हात स्टिअरिंगवर आहेत की नाहीत, ते चाकावर पडणाऱ्या किंचित जोरावरून ओळखलं जातं. म्हणूनच तर लोक पाण्याची बाटली अडकवून, पाय वर घेऊन रील बनवू शकतात. अशी रील पाहिली की मला राग येतो, आणि बनवणाऱ्याइतकाच ती फसवणूक चालू देणाऱ्या रचनेचाही येतो. चालकाचं लक्ष तपासायची सोय नसेल, तर लेन सांभाळायची सोय देऊ नये, असं माझं स्पष्ट म्हणणं आहे.

आता पुणे-कोल्हापूर रस्त्याकडे येऊ. शेंद्र्यापासून कागलपर्यंत सहापदरीकरणाचं काम चालू असलेल्या टप्प्यांत वळणरस्ते लागतात आणि काही ठिकाणी जुने पुसट पट्टे आणि नवे पट्टे दोन्ही दिसतात. कॅमेरा कुठला पकडेल याचा नेम नाही. एकदा कराडच्या अलीकडे स्टिअरिंगने जुन्या पट्ट्याकडे ओढ घेतली. हात घट्ट होते म्हणून काही झालं नाही, पण त्या दिवसापासून शिरवळ सोडलं की लेन कीप बंद, ते घरी पोचेपर्यंत. साताऱ्याहून पुण्याकडे येताना खंबाटकीच्या जुन्या बोगद्यानंतर जे कुप्रसिद्ध ‘एस’ वळण आहे, तिथे तर त्याचा विचारही करू नका. जोराचा पाऊस आणि घाटातलं धुकं यांत कॅमेरा सरळ हात वर करतो आणि ‘प्रणाली उपलब्ध नाही’ असं स्क्रीनवर येतं. हा प्रामाणिकपणा मला आवडतो. काळजी वाटते ती त्याला न दिसणाऱ्या पण आपल्याला न सांगितल्या जाणाऱ्या गोष्टींची.

त्यातली सर्वांत मोठी म्हणजे उसाच्या ट्रॉल्या. कारखान्यांचा हंगाम सुरू झाला की कराड, पेठ नाका, कोल्हापूर या पट्ट्यात रात्री एकामागे एक दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर रस्त्याला लागतात. मागे दिवा नसतो, रिफ्लेक्टर चिखलाने माखलेला किंवा उसाच्या वाढ्यांखाली झाकलेला, आणि एखादी ट्रॉली चाक पंक्चर होऊन तिथेच उभी. वेगात असताना समोर थांबलेली वस्तू ओळखण्यात क्रूझ कमी पडू शकतं, हे आमच्या गाडीच्या मॅन्युअलमध्येच छापलं आहे. त्यामागचं कारणही समजून घेण्यासारखं आहे. रडारला पूल, पाट्या, दुभाजक असं किती तरी स्थिर सामान सतत दिसत असतं. त्या प्रत्येकाला ब्रेक मारत बसलं तर गाडी चालणारच नाही, म्हणून अनेक प्रणाली स्थिर वस्तूंना कमी महत्त्व देतात. म्हणजे आपल्याकडच्या रात्रीच्या रस्त्यावर जो धोका सर्वांत घातक, नेमका तिथेच हे यंत्र सर्वांत कच्चं. ऑक्टोबर ते मार्च, अंधार पडल्यावर या रस्त्यावर आम्ही क्रूझ लावत नाही. आमच्या सासरचे लोक उसाचेच शेतकरी आहेत, म्हणून हेही लिहिते की ट्रॉलीमागे रिफ्लेक्टरची पट्टी लावायला फार खर्च येत नाही, आणि तिने जितके जीव वाचतील तितके माझ्या गाडीतल्या रडारने वाचणार नाहीत.

सुरक्षिततेची साधनं मिळाली की माणूस बेफिकीर होतो, हा वाद जुना आहे. १९७५ मध्ये सॅम पेल्ट्झमन या अमेरिकी अर्थतज्ज्ञाने तो मांडला. १९८० च्या दशकात म्युनिकच्या टॅक्सींवर प्रयोग झाला, तेव्हा एबीएस (जोरात ब्रेक मारल्यावर चाकं जाम होऊ न देणारी प्रणाली) असलेल्या टॅक्सींचे चालक वळणं जास्त जोरात घेताना आणि पुढच्या गाडीला जास्त चिकटून चालवताना आढळले, आणि अपघात काही कमी झाले नाहीत. हे ऐकून कुणी म्हणेल, मग नकोच ही साधनं. तर तसं मुळीच नाही. सीट बेल्टमुळे लोक बेदरकार झाले असतील नसतील, पण तो न लावल्याने मेलेल्यांचा आकडा सरकारच्याच अहवालात आहे. २०२२ मध्ये देशभरात १६,७१५, आणि त्यातले ८,३३१ हे चालक नव्हते, प्रवासी होते. त्याच वर्षी ४ सप्टेंबरला चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री कार अपघातात गेले. मागच्या सीटवर होते, पट्टा लावलेला नव्हता. इतकी महागडी, एअरबॅगांनी भरलेली गाडी, आणि कमी पडला तो एक पट्टा.

आमचे आप्पा, म्हणजे सासरे, मागे बसतात. “मागं कशाला लागतोय पट्टा?” हे त्यांचं कायमचं उत्तर. जुन्या गाडीत मी दर वेळी विनवायची आणि ते दर वेळी हसून सोडून द्यायचे. या गाडीत मागच्या सीटलाही बझर आहे. दोन-तीन वेळा तो वाजला, आप्पांनी कंटाळून पट्टा ओढला, आणि आता गाडी सुरू व्हायच्या आधीच लावतात. पंच्याहत्तरीच्या माणसाची सवय एका आवाजाने बदलली. मला या गाडीतलं सर्वांत उपयोगी यंत्र कुठलं असं विचारलंत तर मी हा बझर सांगेन. तो गप्प करायच्या क्लिपा ऑनलाइन विकल्या जात होत्या. २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने पाच मोठ्या संकेतस्थळांना त्या काढून टाकायला लावल्या, हे फार चांगलं झालं.

पण सगळे आवाज सारखे नसतात. जुलै २०१९ पासून आपल्या गाड्यांमध्ये ८० च्या वर अधूनमधून आणि १२० च्या वर सतत वाजणारा वेगाचा इशारा सक्तीचा आहे. हेतू योग्यच आहे, २०२२ मधल्या १ लाख ६८ हजार मृत्यूंपैकी सुमारे ७१ टक्के अतिवेगाच्या खात्यावर आहेत. मात्र मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर सपाटीला कारची मर्यादा १०० आहे आणि समृद्धीवर १२०. म्हणजे नियम पाळणाऱ्यालाही तो आवाज ऐकावाच लागतो. उलट द्रुतगतीच्या घाटात मर्यादा ६० असताना कुणी ७५ ने उतरला तर गाडी अवाक्षर काढत नाही. बरोबर वागताना वाजणारा आणि चुकताना गप्प राहणारा इशारा कानांना दुर्लक्ष करायला शिकवतो. हा आकडा रस्त्याच्या मर्यादेशी जोडला पाहिजे, तंत्रज्ञान तर कधीच तयार आहे.

डिलिव्हरीच्या दिवसाबद्दल तक्रार आहे. हार, पेढे, पडदा ओढून फोटो, सनरूफ दाखवायला बराच वेळ. एडासबद्दल “मॅडम, हे सगळं ऑटोमॅटिक आहे,” एवढं एकच वाक्य, आणि तेही चुकीचं. मॅन्युअल मी नंतर वाचलं, पण सगळेच वाचणार नाहीत. परवान्याच्या परीक्षेत याबद्दल एक प्रश्न नाही. गाडी ताब्यात देण्याआधी कुठली प्रणाली कुठे काम करत नाही हे समजावून ग्राहकाची सही घ्यावी, असा नियम व्हायला हवा.

मुलगी यंदा अठराची झाली आणि शिकाऊ परवाना काढला. तिला आम्ही माझ्या दिरांच्या जुन्या हॅचबॅकवर शिकवतोय. त्यात एबीएस आणि दोन एअरबॅग आहेत, बाकी काही नाही. आरसे बघणं, अंतराचा अंदाज, पुढच्याच्या ब्रेकलाइटच्याही पुढचं वाचणं, हे तिच्या अंगात मुरल्याशिवाय या गाडीची चावी तिला मिळणार नाही. तिला हे पटलेलं नाही, पण माझा निर्णय पक्का आहे.

घेणाऱ्यांसाठी शेवटचं. बजेट मोजकं असेल तर आधी सहा एअरबॅग, ईएससी आणि मागच्या सीटचे तीन-बिंदू पट्टे बघा, एडास त्यानंतर. टेस्ट ड्राइव्ह संध्याकाळी, दुचाक्यांच्या गर्दीत मागा. इमर्जन्सी ब्रेकची संवेदनशीलता बदलता येते का आणि लेन कीप वेगळं बंद करता येतं का, हे स्वतः करून बघा. एकदा बंद केलेलं पुढच्या वेळी आपोआप चालू होतं का, तेही. विम्याची कागदपत्रं नीट वाचा, कारण पुढची काच बदलावी लागली की कॅमेऱ्याचं कॅलिब्रेशन (नेमकी जुळणी) पुन्हा करावं लागतं आणि त्याचे पैसे वेगळे लागतात. खडी सांडलेल्या आपल्या महामार्गांवर काच फुटणं काही दुर्मीळ नाही.