महास्वयम् आणि जिल्हा रोजगार केंद्र : भाचीच्या नोंदणीपासून नोकरीपर्यंतचा अनुभव

वाणिज्य शाखेची पदवी घेऊन घरी बसलेल्या माझ्या भाचीला 2024 च्या पावसाळ्यात मी आग्रहाने राज्य शासनाच्या 'महास्वयम्' संकेतस्थळावर नाव नोंदवायला लावले आणि त्यानंतर आमच्या जिल्ह्याच्या कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्रात तिच्यासोबत तीन वेळा जाऊन आलो. नोंदणी करावी की नाही, या विचारात असलेल्या मुलामुलींना उपयोग व्हावा, म्हणून हा अनुभव सविस्तर लिहीत आहे.

आमच्या पिढीला हे कार्यालय 'एम्प्लॉयमेंट एक्स्चेंज' म्हणून माहीत होते. तिथे नाव नोंदवायचे, कार्डाचे नूतनीकरण चुकवायचे नाही आणि मुलाखतीचा 'कॉल' कधी येतो याची वाट पाहायची, एवढेच आपल्या हाती असे. ही कार्यालये 1945 मध्ये मुळात महायुद्धातून परतलेल्या सैनिकांना कामाला लावण्यासाठी निघाली. पुढे 1959 च्या कायद्याने सरकारी आस्थापनांवर आणि 25 किंवा अधिक कामगार असलेल्या खासगी आस्थापनांवर रिक्त पदे कळवण्याची सक्ती केली, मात्र भरती या कार्यालयांत नोंदवलेल्या उमेदवारांच्या यादीतूनच करावी असे बंधन घातले नाही. 1996 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने यादीबरोबर जाहिरातही द्यावी असे सांगितल्यावर तर नुसत्या कार्डाचे वजन आणखी उतरले. त्यामुळे आज या सेवेकडून 'कॉल'ची अपेक्षा न ठेवता मार्गदर्शनाची ठेवावी, असे मला वाटते.

ते मार्गदर्शन आम्हाला खरोखर मिळाले. नोंदणी विनामूल्य आहे आणि घरबसल्या होते, परंतु भाचीने कौशल्यांच्या रकान्यात फक्त 'संगणक' एवढाच शब्द भरला होता. केंद्रातील अधिकारी बाईंनी तो अर्ज पडद्यावर उघडून तिला समोर बसवले आणि टॅली येते का, जीएसटीचे विवरणपत्र कधी भरले आहे का, मराठी टंकलेखनाची परीक्षा झाली आहे का, असे एकेक विचारत गेल्या. तीस शब्द प्रतिमिनिट वेगाची परीक्षा ती उत्तीर्ण आहे, हे आम्ही दोघेही लिहायला विसरलो होतो! वीस मिनिटांत तिचा अर्ज निराळाच दिसू लागला. माझ्या मते संपूर्ण सेवेतला सर्वांत मोलाचा भाग हाच, आणि तो घरबसल्या मिळत नाही.

त्याच बाईंनी तिला मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत अर्ज करायला सुचवले. या योजनेत 18 ते 35 वयाच्या उमेदवारांना बारावी उत्तीर्ण असल्यास 6,000, आयटीआय किंवा पदविका असल्यास 8,000 आणि पदवीधर असल्यास 10,000 रुपये मासिक विद्यावेतन थेट बँक खात्यात मिळते. भाचीला एका शासकीय कार्यालयात प्रशिक्षण मिळाले आणि सहा महिन्यांची मुदत पुढे अकरा महिन्यांपर्यंत वाढली. आवक-जावक नोंदवही, देयके तपासणे, पत्रव्यवहार यांत तिचा हात बसला आणि अनोळखी माणसांशी कामाचे बोलण्याची तिची भीतीही गेली. तक्रार एकच आहे, पण ती लहान नाही. त्या कार्यालयाने हजेरी वेळेवर न पाठवल्यामुळे दोन महिन्यांचे विद्यावेतन रखडले. खोलीभाडे आणि खाणावळ भागवून राहणाऱ्या मुलीला दोन महिने पैशांविना काढायला लावणे मला अत्यंत अन्यायाचे वाटते.

मधल्या काळात ती एका रोजगार मेळाव्यालाही गेली. यंत्रचालक आणि विक्री प्रतिनिधींसाठी पुष्कळ जागा होत्या, हिशेबाच्या कामासाठी मोजक्याच. एका कंपनीच्या माणसांनी मुलाखत न घेता नुसते बायोडाटा गोळा केले. दूरच्या गावांहून पहाटेची एसटी पकडून आलेल्या मुलांसाठी प्रत्येक टेबलावर निदान पद, कामाचे ठिकाण आणि हातात पडणारा पगार एवढे तरी ठळक लिहिलेले असावे.

नोकरी शेवटी लागली ती त्या सुधारलेल्या अर्जामुळे. औद्योगिक वसाहतीतल्या एका लहान कारखान्याला टॅली आणि मराठी टंकलेखन दोन्ही येणारी लेखा सहायक हवी होती. त्यांनी संकेतस्थळावरच तिची माहिती पाहून फोन केला. आता तिचा भविष्य निर्वाह निधी कापला जातो आणि पगार महिन्याच्या सात तारखेच्या आत होतो.

प्रशिक्षण संपल्यानंतर मात्र तुमचे पुढे काय झाले, असे विचारणारा एकही फोन केंद्राकडून आला नाही. कोणत्या मुलांना काम मिळाले आणि कोणती पुन्हा घरी बसली, हे ठाऊक असल्याशिवाय केंद्राने पुढच्यांना सल्ला तरी कशाच्या आधारे द्यावा? नोकरी लागल्याचे सांगायला आम्ही आपण होऊन गेलो, तेव्हा बाईंनी मनापासून अभिनंदन केले, कारखान्याचे नाव लिहून घेतले आणि तिथे आणखी जागा निघाल्यास कळवा, असे भाचीला दोनदा सांगितले.